शांत मुलीला कोण तपासतं?

डहाणू, २०१८

सुमाताई गं,

आज कल्याणीला वापीच्या डॉक्टरीणबाईंकडून घेऊन आले. तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे सांगायला तुझ्याशिवाय आहे कोण मला?

तुझी लेक माझ्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. जिथे बसवावं तिथे बसून राहते. वहीत अर्धं वाक्य लिहून थांबते. डबा, छत्री, चप्पल, सगळं हरवून येते. मी तिच्या पाठीत धपाटे घातले, ताई. तुझ्यापासून लपवू कशी?

माझ्या ओमकारचं वेगळं. तो बाकांवरून उड्या मारायचा, तर शाळेनेच सांगितलं, डॉक्टरांना दाखवा. एडीएचडी निघालं, म्हणजे लक्ष एका जागी ठरतच नाही. इथले डॉक्टर विचारत होते, "वस्तू हरवतो? सांगितलेलं विसरतो? तंद्री लागते?" आणि प्रत्येक प्रश्नाला मला तूच दिसत होतीस! चुलीवर भात करपतोय आणि दारात बघत उभी असलेली तू. आई तुला वेंधळी म्हणायची. वेवजीला सासरी तर सरळ येडीच.

मी तरी काय वेगळी वागले? टीबीच्या गोळ्यांसाठी दिवसाआड उपकेंद्रात जायचं, तर तू वार चुकवायचीस. शेवटच्या भेटीत मी ओरडले, "जगायचंय की नाही तुला?"

तू म्हणालीस, "रोज ठरवते गं. मग कुठे जातं, कोण जाणे."

मला तो बहाणा वाटला! त्याच पावसाळ्यात तू गेलीस. मी महिनाभर तुझ्याकडे येऊन राहिले असते तर? आणि तू तरी एकदा माझ्यावर का नाही ओरडलीस?

तुलाही तेच होतं का, आता कोण सांगणार? पण पोरगी तर समोर होती. मी तिला त्याच डॉक्टरांपुढे उभी केली. ते म्हणाले, "ही शांत आहे की. मुलींना सहसा नसतं. मोबाइल कमी द्या." शाळेत बाई म्हणाल्या, "काही त्रास देत नाही हो, कशाला तपासता?"

बाक मोडला नाही म्हणून तिला काही होतच नाही का?

फुग्यांच्या कारखान्यात खाडे करून मी चार महिने फिरले. वापीच्या बाईंनी मात्र तिच्या वह्या पानन्‌पान पाहिल्या, तिच्याशी बोलल्या, मला खोदून खोदून विचारलं. आज तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "हिलाही तेच आहे. मुली अशाच निसटतात. गडबड करत नाहीत, मुकाट मागे पडतात."

बरं वाटायला हवं होतं ना? मी जिन्यात बसून रडले. दोन वर्षं मी त्या पोरीला कशासाठी मारलं?

येताना गाडीत कल्याणीने विचारलं, "मावशी, म्हणजे मी ढ नाही?"

"नाही गं बाळा."

थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग आई पण येडी नव्हती ना?"

ताई, मी तिला जवळ ओढली.

माझा हात तिच्यावर पुन्हा उठणार नाही. सोमवारी डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन शाळेत जाणार आहे, तिला पुढच्या बाकावर बसवा म्हणून. ऐकलं नाही तर मंगळवारी जाईन, बुधवारीही जाईन. तुझ्यासाठी उपकेंद्रात एकदाही गेले नाही गं, हिच्यासाठी रोज जाईन.

तुझी धाकटी,
रंजू