पोर्चमधली पांढरी पेटी

प्रिय ठकूबाई,

पोर्चच्या भिंतीवर ती चार्जरची पांढरी पेटी ठोकून घेतलीस आणि मला साधं विचारलंही नाहीस! मी तिकडे दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलो होतो, तेवढ्यात तू घरात परका वायरमन आणलास. चौतीस वर्षं मी लोकांच्या घरांत वायरिंग केलं आणि माझ्याच भिंतीला भोकं पाडायला दुसरा! बरं, काम तरी धड करावं. प्लास्टर उडवलंय, एक स्क्रू वाकडा, आणि एवढ्या लांब वायरला क्लिपा फक्त तीन. मी असं काम केलं असतं तर माझ्या उस्तादाने कान उपटले असते.

तुझ्या बिल्डिंगमध्ये गाडी चार्ज करायची सोय नाही, म्हणून तू दर रविवारी इकडे यायचीस आणि खिडकीखालच्या साध्या प्लगला ती लावायचीस. मुंगीच्या पावलांनी चार्ज व्हायची बया, सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत. तू वैतागायचीस, दर तासाला फोनमध्ये टक्के बघायचीस. मग कंटाळून माझ्या चष्म्याचे स्क्रू पिळायचीस, माळ्यावरचे डबे उपसायचीस. दुपारी आईच्या पलंगावर अशी घोरायचीस की शेजारचे मास्तर विचारायचे, पाण्याचा पंप लावलात का. तुझी आई गेल्यापासून या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज म्हणून तेवढाच होता.

आणि आता? गेल्या रविवारी गाडी अडीच तासांत तयार. मी दोघांचा स्वयंपाक टाकला होता, कुकरची शिट्टीही झाली नव्हती, आणि तू चपला घालून दारात उभी. वर म्हणतेस, बाबा, तुमच्या मागची कटकट गेली! कुणी सांगितलं तुला ती कटकट होती म्हणून? दुसऱ्या माणसाचं जेवण मी सोमवारी खाल्लं आणि मंगळवारीही.

जाता जाता तू हसून सांगितलंस, की तो वायरमन म्हणाला, काकांचं वायरिंग एकदम दणकट आहे, उगाच घाबरत होते. त्यातलं खरं काय ते लिहूनच सांगतो. दोन वर्षं तू मोठा चार्जर बसवू म्हणायचीस आणि मी सांगायचो, वायरिंग जुनं झालंय, लोड घेणार नाही, घर पेटेल. ते खोटं होतं. मीटरपासूनची ती जाड केबल मी स्वतः ओढली आहे, असले दोन चार्जर लावलेस तरी ती गरम व्हायची नाही. आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाशी मी असं बोललो नाही, आणि तुझ्यापुढे स्वतःच्याच कामाला नावं ठेवली, कारण तू संध्याकाळपर्यंत थांबायला हवी होतीस. पेटी राहू दे. पण तुला थांबवायला आता माझ्याकडे दुसरं कुठलंही खोटं उरलेलं नाही, म्हणून सरळच सांगतो. गाडी भरली तरी थांबत जा.

तुझाच,
चिडका बाबा