जमादाराची कशी जिरवली

८ ऑक्टोबर २००६, रविवार. बॉन. संध्याकाळ.

आज जंगलात जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण घरात त्याची भलतीच आवृत्ती फिरायला लागली आहे.

आम्ही तिघं शहराबाहेरच्या जंगलात फिरायला गेलो होतो. माझी बायको सुकन्या गाडीपाशी फोनवर. मी आणि ईप्सिता पुढे. नेहमीप्रमाणे मी तिला आतल्या बाजूला घेतलं होतं. रस्त्याची बाजू बापाची, मुलीने आतून चालायचं. नऊ वर्षांत हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. तेवढ्यात झाडीतून एक रानटी टर्की बाहेर आला. नर. माझ्या कमरेएवढा. पूर्वी कोणीतरी शिकारीसाठी हे पक्षी इथे आणून सोडले म्हणे. त्या माणसाचा पत्ता मिळायला हवा.

छाती फुगवून, पिसारा फुलवून थेट माझ्याकडे बघत होता. मुलीवरून त्याचं लक्ष हटवायला मी वेगाने उलट्या दिशेला गेलो. साधारण चारशे मीटर. हा डावपेच होता. पक्षी माझ्यामागे आलाच नाही, हा त्याचा मूर्खपणा. ईप्सिता होती तिथेच उभी राहिली, त्याने तिच्याकडे बघितलं आणि निघून गेला. म्हणजे डावपेच यशस्वी.

गाडीत ती एकच वाक्य बोलली, तेही जर्मनमध्ये. पापा पळाला. सुकन्या आरशात बघून हसत होती. मी पाहिलं.

९ ऑक्टोबर, सोमवार.

सुकन्याने रात्री गौरांगच्या बायकोला फोन केला असणार. ऑफिसात पोचलो तर माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर टर्कीचा फोटो. गौरांग दोन टेबलं सोडून बसतो आणि दिवसभर दात काढतो. त्याने विचारलं, चारशे मीटरला किती सेकंद लागले. लक्षात ठेवलं आहे. याचाही नंबर येईल.

११ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८.

शाळेत सोडताना रस्ता ओलांडायला हात पुढे केला. ईप्सिताने दिला नाही. मोठी झाले म्हणाली. शनिवारपर्यंत मोठी झाली नव्हती.

हे त्या पक्ष्याचं काम. माझी मुलगी माझा हात धरत नाही, ते त्याच्यामुळे.

निर्णय झाला. मी याग्डशाइन काढणार. म्हणजे शिकारीचा परवाना. रीतसर, सरकारी शिक्क्याचा. आणि त्या टर्कीची कायमची जिरवणार. त्याचं नाव जमादार ठेवलं आहे. आमच्या कॉलेजच्या होस्टेलचा जमादार असाच छाती काढून चालायचा आणि माझ्याकडेच बघायचा. त्याचंही एक देणं बाकी आहे.

२ नोव्हेंबर, गुरुवार.

शिकार शाळेचा पहिला दिवस. दर गुरुवारी, एप्रिलपर्यंत. शिक्षक हेर टिलमान (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे), साठीचे, बारीक आवाजाचे. त्याच जंगलाचा एक तुकडा त्यांच्याकडे शिकारीसाठी भाड्याने आहे. म्हणजे जमादार त्यांच्या हद्दीतला. दैव माझ्या बाजूने आहे.

प्रत्येकाला विचारलं, शिकारी का व्हायचंय. कोणी म्हणे निसर्गाचा समतोल, कोणी म्हणे आजोबांची परंपरा. मी सांगितलं, वैयक्तिक कारण आहे. हेर टिलमाननी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक माझ्या स्पष्टपणाचं कौतुक.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.

आज टर्कीचा धडा. खास माझ्यासाठीच असल्यासारखा. नियम उतरवून घेतले.

टर्कीच्या आवाजामागे दबा धरत जायचं नाही, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. आपण झाडाला पाठ लावून बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि नराला येऊ द्यायचं. नराचा आवाज जंगलात कधीही काढायचा नाही, नाहीतर लोक आपल्यालाच टर्की समजतात. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको. नराच्या डोक्या-मानेचे तेच तीन रंग. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे प्राणी पूर्ण दिसून ओळखू येत नाही तोवर बोट चापाकडे न्यायचंच नाही. नराच्या छातीवर केसांचा एक झुपका लोंबतो, तो दिसेपर्यंत थांबायचं. हालचाल दिसली, आवाज आला, तरी थांबायचं.

हेर टिलमान हे तीनदा म्हणाले. मला एकदाच पुरलं. हे नियम मुळात बावळट लोकांसाठी असतात.

१४ डिसेंबर, गुरुवार.

नीतीचा धडा. मारलं तर खायचं. पक्षी वाया घालवणं म्हणजे शिकाऱ्याला लाज.

ही एक अडचण आहे. मी केकमध्ये अंडं आहे का विचारून खातो. घरी विषय निघाला तेव्हा ईप्सिताने विचारलं, मग जमादारला कोण खाणार. मी म्हटलं, गौरांग. सुकन्या म्हणाली, सूड घ्यायचा आणि जेवण गौरांगचं, हा कुठला सूड.

मुद्दा नीतीचा नाही. सध्या त्यावर विचार करणार नाही.

दुसरा मुद्दा, ज्यावर वर्गात अर्धा तास गेला: रागाने शिकार करायची नाही. राग आला की डोळ्यांना हवं तेच दिसतं, असं हेर टिलमान म्हणाले आणि उगाच माझ्याकडे बघत राहिले.

२८ जानेवारी २००७, रविवार.

बाथरूममध्ये आवाजाचा सराव. मादीचा आवाज मला जमत नाही. नराचा मात्र अप्रतिम जमतो, गुळूगुळूगुळू. खालच्या मजल्यावरच्या आजींनी घरमालकाला चिठ्ठी लिहिली की परचुऱ्यांचा नळ दुरुस्त करा. म्हणजे आवाज लांबपर्यंत जातो.

ईप्सिताला ऐकवला. हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग तिने विचारलं की जमादारने मला नक्की काय केलं होतं. मी पुन्हा गुळूगुळू केलं. ती टीव्हीकडे वळली.

२१ एप्रिल, शनिवार.

परीक्षा. लेखीत शंभरात शहाण्णव. सुरक्षा आणि नीती यांत पैकीच्या पैकी. वर्गात पहिला. पुण्यात पाठांतर करून इंजिनिअर झालेल्या माणसाला हे म्हणजे काय.

बंदुकीच्या प्रात्यक्षिकात तांत्रिक अडथळा आला. हातात रिकामी रायफल होती. मागून एका वयस्कर परीक्षकांनी प्रश्न विचारला. आता वडीलधारा माणूस बोलतोय आणि मी पाठ करून उभा राहू? मी अदबीने वळलो. माझ्याबरोबर रायफलही वळली. तिघे परीक्षक एकदम खाली वाकले. बंदुकीचं तोंड माणसाकडे गेलं की जागेवर नापास, असा नियम. मला माहीत होता. लेखीत मी तो लिहिलाही होता.

मला संस्काराने नापास केलं. पुढची परीक्षा वर्षभराने. नराची शिकार पंधरा मेला बंद होते. जमादार मोकळा.

२९ एप्रिल, रविवार.

सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. सूटकेसमधून निम्मं पुणं निघालं. माझ्यासाठी त्यांनी स्वतः विणलेली लाल कानटोपी. डोक्यापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकते, फक्त तोंड उघडं. आईंचं म्हणणं, या देशात माणसं कानांतून वारं शिरून मरतात आणि डॉक्टर भलतंच नाव लिहितात.

६ मे, रविवार.

नवी योजना, जास्त उच्च दर्जाची. बंदूक कशाला? जमादारच्या आवाजात मी त्याला आव्हान देणार, तो आला की अंगावर धावून जाणार, तो पळणार, आणि त्याचा पाठमोरा पळताना फोटो काढणार. ईप्सिताला देणार. एक गौरांगच्या स्क्रीनवर. रक्तपात नाही, कोणी कोणाला खायचं नाही. नीती पूर्ण सांभाळली गेली. हा मुद्दा हेर टिलमानना कधीतरी ऐकवायला हवा.

१२ मे, शनिवार. पहाटे ४.१५.

निघतो आहे. कॅमेरा चार्ज केला. निळं स्वेटर, थंडी आहे म्हणून पांढरा मफलर. दारात आई उभ्या. म्हणाल्या, श्रीरंगराव, कान उघडे ठेवून जाणार असाल तर मीही तुमच्याबरोबर येते. कानटोपी घातली. सासूशी पहाटे चार वाजता कोण वाद घालणार.

रंगांचं लक्षात आलं. पण तो नियम शिकाऱ्यांसाठी आहे आणि मी तर नापास आहे.

त्याच दिवशी. दुपारी ३.

सकाळचं क्रमाने लिहितो.

साडेपाचला झाडीत शिरलो. लांबून मादीचा आवाज, टुक, टुक, टुक. मादी आहे तिथे जमादार येणारच. मी नराचा आवाज काढला. सुंदर निघाला. मादी गप्प झाली, मग पुन्हा टुक टुक. मी वाकून, झुडपाझुडपांतून तिकडे निघालो. थोडं गेलं की गुळूगुळू, थोडं गेलं की गुळूगुळू. मनात जमादारला शिव्या चालू होत्या. होस्टेलमधल्या जमादारलाही, गौरांगलाही. परीक्षकांनाही.

मग एक माणूस मोठ्याने, अगदी स्वच्छ म्हणाला, सुप्रभात हेर परचुरे, आहात तिथेच थांबा.

वीस मीटरवर हेर टिलमान, झाडाला पाठ लावून बसलेले. मांडीवर बंदूक, हातात दुर्बीण. मादी तेच होते.

त्यांनी आधी काडतुसं काढून खिशात घातली. मग उठायला गेले आणि परत बसले. म्हणाले, आवाज नराचा, झाडीत लाल, पांढरं, निळं, आणि छातीवर झुपका. मफलरचा काळा गोंडा होता तो. नराचा झुपका जमिनीकडे लोंबतो आणि हा उजव्या-डाव्या बाजूला झुलत होता, एवढ्यावरून त्यांना शंका आली. म्हणून बंदूक ठेवून दुर्बीण उचलली. चार मिनिटं बघत राहिले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं म्हणाले. नंतर विचारलं, तुम्हाला मुलगी आहे ना.

मी हो म्हटलं. मला बोलायचं होतं अजून, पण तोंडातून गुळू असा काहीतरी अर्धवट आवाज आला. सवयीने.

माझी गाडी तिथेच ठेवून त्यांनी मला घरी आणून सोडलं. आईंनी त्यांना चहा आणि चकली दिली. सुकन्या त्यांचं ऐकता ऐकता पांढरी पडली आणि उठून आत गेली. आईंना जर्मन कळेना, तेव्हा ईप्सिताने सगळं मराठीत सांगितलं. एरवी आम्ही मराठीत विचारतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. आज पहिल्यांदा आजीला एवढं सलग मराठी बोलली. बाबा टर्कीसारखे दिसत होते, आणि हे आजोबा थांबले, म्हणून बाबा मेले नाहीत. एवढं बोलून माझ्याकडे न बघता माझ्या खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली.

आईंनी विचारलं, टोपी काढली नव्हतीत ना मध्येच.

१४ मे, सोमवार.

हेर टिलमानचा फोन. त्यांनी या मोसमापुरती बंदूक कुलपात ठेवली आहे, झोप येत नाही म्हणाले. माझ्यामुळे. सूड घ्यायच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, आल्झो, म्हणजे बरं तर मग, पुढच्या वर्गात तुमची टोपी दाखवायला द्याल का. देणार.

गौरांगला सुकन्याने कळवलं नसावं. स्क्रीनवर आज काहीच नव्हतं. त्याने फक्त विचारलं, कॉफी घेणार का.

२० मे, रविवार. दुपार.

जंगलात गेलो, सगळे. आई आणि सुकन्या मागे हळूहळू. मी आणि ईप्सिता पुढे. मी सवयीने रस्त्याच्या बाजूला. वळणावर जमादार. तसाच, छाती काढून. शिकार बंद झाल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

माझे पाय मागे वळले. मला ते कळलं. ईप्सितालाही कळलं. तिने माझा हात धरला. मग माझ्या पुढून वळसा घालून जमादारच्या बाजूला आली आणि मला आतल्या बाजूला घेतलं. मराठीत म्हणाली की बाबा, काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

उभा राहिलो. जमादारने आम्हाला बघितलं, कंटाळला आणि झाडीत गेला. कॅमेरा खिशातच होता. गाडीपर्यंत तिने हात सोडला नाही आणि बाजूही बदलू दिली नाही.

८ ऑक्टोबरच्या नोंदीत दुरुस्ती. डावपेच वगैरे काही नव्हता. ती तिथे एकटी होती आणि मी पळालो होतो. अंतर बरोबर लिहिलं आहे.