सुट्टीच्या दिवशीचे आण्णा

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थांबावं लागतं. सुट्टीच्या दिवशीचे तुम्ही मात्र लख्ख दिसता. आपण श्रीगोंद्याजवळ साखर कारखान्याच्या चाळीत राहतो, तुम्ही बॉयलरवर कामाला आहात आणि आज तुमची सुट्टी आहे. आईनं शेंगोळी केली आहेत. घास हातात तसाच धरून तुम्ही दारातून चिमणीच्या धुराकडे बघता. "आवो, जेवा की. दुसरा मानूस हाय ना तिथं," आई म्हणते. "धूर लई काळा येतोय," म्हणत तुम्ही ताट सरकवता आणि चपला घालता.

आधी तुम्ही असे नव्हता. अशाच एका सुट्टीत बॉयलरची नळी फुटली आणि तुमच्या कामावरच्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले. तुम्ही तिथे असता तरी ती फुटलीच असती, असं साहेबांनी सांगितलं, त्या जोडीदारानं स्वतः सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. पण त्यानंतर तुम्हाला सुट्टी अशी लाभलीच नाही. मी नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस होतं. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात, दुसऱ्या रांगेत बसलात. माझं नाव पुकारलं तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती. संध्याकाळी मी तुमच्याशी बोलेना, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "बॉयलरच्या पंपाचं पुढच्या पाळीवाल्याला सांगायचं राह्यलं असं वाटलं, बाळ."

"मग, राहिलं होतं?"

"न्हाई. सांगितलं हुतं." तुम्ही खाली बघत होता. "मला कळतं गं. मन ऐकत न्हाई."

अन्न तुमच्या अंगाला लागेना. गालफडं बसली. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, कामाचा विचार घरी न्यायचा नाही. तुम्ही कसनुसं हसलात. "मी न्हेत न्हाई, साहेब. तो माझ्याआधी जाऊन बसतो."

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. ऊस उभा जळाला, गाळप जेमतेम महिनाभर चाललं आणि कारखाना बंद पडला. तुम्ही दिवसभर ओट्यावर बसून त्या बिनधुराच्या चिमणीकडे बघायचात. "आतून गंज धरंल," एवढंच म्हणायचात. चैत्रातल्या एका दुपारी तिथेच, बसल्या जागी गेलात.

मी पुढे नर्स झाले. तुमच्यासारखं व्हायचं नाही, असं ठरवलं होतं. नातीच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात होती आणि डोक्यात वॉर्डातल्या एका पेशंटचं सलाईन. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणाचं तरी औषध द्यायचं राहिलं या धसक्यानं रोज जाग येते. सून म्हणते, "आई, आता कुठला वॉर्ड?"

हे पत्र वहीतच राहील. एक गोष्ट आईलाही मी कधी सांगितली नाही. कारखाना बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी सगळी चाळ रडवेली झाली होती, आणि मी तोंड धुण्याच्या निमित्तानं मोरीत जाऊन एकटीच हसले होते. वाटलं होतं, आता तुम्ही घरी याल.