काचेपलीकडच्या मावशी

३ मार्च
आले एकदाची! खोली एवढीशी आहे, पण खिडकीत ऊन भरपूर. दोन बॅगा, कुकर आणि पुस्तकांचं खोकं. तासाभरात संसार लागला. प्रयोगशाळा रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, पायी दहा मिनिटं. साहेब मोजकं बोलतात, तंत्रज्ञबाई त्याहून मोजकं. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीराला कळेनासं का होतं, ते शोधायचं, असं साहेबांनी सांगितलं. काहींचं शरीर शत्रूला ओळखत नाही, काहींचं स्वतःलाच शत्रू समजतं. मी म्हटलं, आमच्या घराण्यात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. कोणी हसलं नाही. चालायचंच.

५ मार्च
आज मावशींना भेटले. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. जन्मभर शिवणकाम केलं आणि साठीत प्रतिकारशक्ती पार आटली. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल, म्हणून अकरा महिने काचेच्या खोलीत आहेत. बोलायचं ते भिंतीतल्या फोनवरून. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. कोणी पुढे येईना, म्हणून मीच हात पुढे केला. आठवड्याला एक नळी. मावशींनी आतून विचारलं, "दुखलं का गं?" कामाव्यतिरिक्त मला इथे कोणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

१४ मार्च
डबा आता मावशींच्या काचेपाशीच खाते. माझ्या पांढऱ्या कोटाची एक बाही शिंप्याने उलटी बसवलीय, हे त्यांनी काचेतूनच हेरलं. हसून हसून ठसका लागला मला. रविवारी मात्र दिवसभर कोणाशी एक शब्द होत नाही. संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला गेले तर आवाजच फुटेना. ताईशी तीन वर्षं अबोला आहे. आईच्या आजारपणात कोण जास्त खपलं, एवढ्यावरून. आई गेली, भांडण राहिलं.

२२ मार्च
मावशींच्या रक्तात संरक्षक पेशी दिसल्या! शून्यावरून चारशे. साहेब चक्क हसले. मग त्या पेशींची ओळख तपासली. त्या मावशींच्या नाहीत. माझ्या आहेत. नळ्यांची अदलाबदल केलीस म्हणून साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं.

२६ मार्च
तंत्रज्ञबाईंनी स्वतः, वेगवेगळ्या दिवशी, आमचं रक्त घेतलं. तेच. मावशी नऊशेवर, मी निम्म्यावर. माझा थेंबही त्यांना दिलेला नाही. या पेशी एकदा झालेला आजार विसरत नाहीत. मावशींना कांजिण्या कधीच झाल्या नव्हत्या. आता त्यांच्या रक्ताला कांजिण्या आठवतात. माझ्या.

२९ मार्च
मावशी आज म्हणाल्या, "कांजिण्यांत किती खाजवायचीस गं टिटवे! ताईला तुझे हात धरून बसावं लागायचं."
टिटवी मला फक्त घरी म्हणायचे. लहानपणी फार किंचाळायची म्हणून. मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. घाबरायला हवं होतं. मी डबा तसाच ठेवून रडले. किती वर्षांनी कोणी त्या नावाने हाक मारली.
साहेब म्हणाले, तुझं रक्त देणं बंद. केलं बंद.

२ एप्रिल
बंद करून उपयोग नाही. मी दोनशेवर. ताप. बोटं सुजलीत — उरलेल्या पेशी माझ्यावरच उलटल्यात. कांजिण्या आठवून पाहिल्या. पलंग, ताईचे हात — काही नाही. कोरं.

४ एप्रिल
राहवेना. ताईला फोन केला. कोण बोलतंय म्हणाली. नाव सांगितलं तर चिडली. असली थट्टा करू नका, माझ्या बहिणीशी मी कालच तासभर बोललेय, सगळं मिटलंय, शनिवारी तिला भेटायला जातेय. फोन ठेवून दिला.
मी काल फोन केलेला नाही.

५ एप्रिल
मावशींना बाहेर सोडलं. मला आत घेतलं. मी शून्यावर. साहेब दाराबाहेरूनच बोलले, पेशंटशी बोलतात तसं. आईचा चेहरा आठवत नाही.
मावशी जाताना फोनवर रडल्या. मी मागितलं नव्हतं गं, आपसूक आलं, म्हणाल्या. मग — "पण आता परत द्यायचं मन होत नाही."

७ एप्रिल
ताई आली. मला ओळखता आली, एवढं अजून उरलंय — ती काचेसमोरून सरळ, तपासणीला आलेल्या मावशींकडे गेली. गळ्यात पडली. टिटवे म्हणाली. ओठांवरून कळलं.
काच बडवतेय. फोन कोणी उचलत नाही —
वळली. बघतेय माझ्याकडे. परक्या माणसाकडे बघतात तसं. मावशींना विचारतेय, ही कोण?
मावशी माझ्याकडे बघताहेत. सांगा ना मावशी, सांगा — तोंड उघडलं त्यांनी, म्हणताहेत, ही —