डाव्या चाकाची खटखट

४ मार्च
खट्! पुन्हा तोच आवाज — रोपवाटिकेच्या फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळताना. पाठोपाठ स्टिअरिंगला झटका.

पिकअप सूनबाईची, रोपवाटिका सूनबाईची. मी फक्त चालक, तोही दिवसाआड. वय वर्षे बहात्तर. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासून लोकांच्या चुकांवर पोट भरले. आता गिऱ्हाइकांच्या दारी कुंड्या पोचवतो. पदोन्नतीच म्हणायची!

सूनबाईला विचारले. "मला नाही ऐकू आला, बाबा." तरुणांना कान असतात, पण ते वापरायला वेळ नसतो.

६ मार्च
गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने विचारले, "काका, आवाज नेमका कसा?"

मी सांगितले, "प्रथम ‘खट्’, त्यानंतर अस्पष्ट घर्षणध्वनी."

"बापरे! म्हणजे खटखट ना?"

इंजिन बंद ठेवून मी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचे आणि त्याने खाली झोपून सांध्यांवर हात ठेवून ढिलेपणा चाचपायचा, अशी पद्धत. "हलवा काका... थोडंसं... अहो, थोडंसं! गाडी घरी नाही न्यायची अजून!"

डावा टाय रॉड एंड, म्हणजे चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा सांधा, ढिला निघाला. मी म्हटलेच होते! (म्हटले नव्हते. मनात होते.)

७ मार्च
नवा सांधा बसला. सूनबाई दोन फेऱ्या करून आली, आवाज नाही. निदान अचूक! सौभाग्यवतींना सांगितले. "अभिनंदन," त्या सदऱ्याला बटण लावता लावता म्हणाल्या. मान वर केली नाही.

८ मार्च
मी नेली. खट्!

११ मार्च
मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली, चाक वर-खाली धरून हलवले, मग आडवे धरून हलवले. बॉल जॉइंट ठीक. तरी रबरी बुश बदलले, चाकांची अलाइनमेंट केली. डाव्या टायरची बाहेरची कड मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली आहे.

"काका, कुठे आपटता का गाडी?"

"मी आयुष्यात आगपेटीसुद्धा आपटलेली नाही!" मी म्हणालो. वाक्य चांगले जमले. त्याचा अर्थ काय, ते मात्र आता मलाही सांगता येत नाही.

संध्याकाळी सूनबाई जपून म्हणाली, "बाबा, ही गाडी आता काढून टाकू या का? एखादा टेम्पोवाला लावू रोजचा."

टेम्पोवाल्याबरोबर त्याचा चालकही येणार. मग मी काय करायचे? वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल रेघा ओढत बसायचे? ते तर अलीकडे नकोसेच झाले आहे; हल्ली छपाईच फार पुसट येते.

आठ दिवस मागून घेतले. आवाज पुराव्यानिशी पकडून देईन.

१२ मार्च
वही केली. रकाने सात: दिनांक, ठिकाण, वळण, वेग, कुंड्या, चालक, आवाज. मिस्त्री वही पाहून म्हणाला, "काका, इंजिनीअर व्हायचं सोडून छापखान्यात कशाला गेलात?" मला ती स्तुती वाटली. घरी येईपर्यंत वाटत होती.

१६ मार्च
खट्! खट्! सूनबाईच्या दिवसांपुढे ‘आवाज नाही’ असे लिहून खाली शेरा मारला — ‘चालकाचे लक्ष नाही.’ शेरा वळणदार अक्षरात आहे.

१९ मार्च
नोंदी पूर्ण. आपले लिखाण आपण तपासायचे नाही, हा छापखान्यातला पहिला नियम. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ऐकून ताडायचे. सौभाग्यवतींना वाचायला बसवले. माझी अट एकच: एकही शब्द गाळायचा नाही.

त्यांनी नाही गाळला. "फाटक. डावे वळण. वेग दहा. कुंड्या बारा. चालक, स्वतः. आवाज. दवाखान्याचा कोपरा. डावे वळण. वेग पंधरा. कुंड्या चार. चालक, स्वतः. आवाज."

दहाव्या नोंदीपर्यंत मी मान डोलावत होतो. मग त्यांचा आवाज हळू होत गेला. तेवीस आवाज. तेवीस वेळा ‘स्वतः’.

"ती लक्ष देत नाही," मी म्हणालो.

"अहो," त्या म्हणाल्या. वही मिटून माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला गेल्या. चहा आम्ही दहा मिनिटांपूर्वीच घेतला होता.

२० मार्च
मिस्त्रीला रोपवाटिकेवर बोलावले. तो फाटकाबाहेर उभा राहिला, मी गाडी बाहेर काढून डावीकडे वळवली. खट्!

"काका! थांबा, थांबा! अहो, फुटपाथवर चढवताय!"

उतरलो. त्याने कडेचा दगड दाखवला. दगडावर टायरचे काळे पट्टे, एकावर एक, कित्येक दिवसांचे.

"एवढा मोठा दगड दिसत नाही?"

"कोणता दगड?" मी विचारले.

तो हसला नाही. "काका, उजवा डोळा झाका बरं." झाकला. मिस्त्रीला दोन कान होते आणि मधे धुके.

चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या गाळलेल्या जागा शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यातली सापडली नाही! पिकअपचे सारे पुढचे अंग मी खोलायला लावले. डॉक्टरांची उद्या संध्याकाळची वेळ मिळाली आहे. किल्ली सूनबाईच्या हातात दिली. ती किल्ली खुंटीला अडकवून कुंड्या मोजायला गेली. त्याबद्दल तिचे आभार.

२१ मार्च
सकाळी डाव्या सीटवर बसलो. सूनबाईने वळण घेतले. आवाज नाही.

त्या दगडापाशी कडेवर लेकरू घेऊन एक बाई बसची वाट पाहत होती. "रोज याच वेळेला असतात त्या, बाबा." मी तिला आज प्रथमच पाहिले.

आमची गाडी दिसताच ती सवयीने दोन पावले मागे सरली.