झाकणाच्या आतली खूण

पप्पा, गेल्या सोमवारी शेजारची ताई ते घड्याळ घेऊन आली. कुठलं, ते तुम्हाला सांगायला नको. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी, आपल्या केळीच्या बागेवाल्या काकांनी, जावयाला दिलेलं. सोनेरी, जाड चेनचं, डायलवर परदेशी नाव असलेलं. "हे म्हणत होते, शहरात मोठ्या दुकानात नेऊ या. मी म्हटलं, हे तुझ्या पप्पांच्या हाताखालून गेलंय, दुसऱ्या कोणाकडे द्यायचं नाही," असं म्हणून तिनं ते तुमच्या टेबलावर ठेवलं. मी पावती फाडली, गुरुवारी ये म्हटलं, आणि ती गेल्यावर घड्याळ टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि इतकी वर्षं मी ज्याची धास्ती घेतली होती ते घड्याळ आपल्या पायांनी पडवीत आलं होतं.

घरी आपण आपल्या बोलीत बोलायचो. ती लिहायला मला जमत नाही, म्हणून शाळेच्या मराठीत लिहिते आहे. तुम्ही हसाल. पण माझी पहिली शाळा म्हणजे तुमचं टेबलच होतं. होळी भागातल्या बाजाराला जाणारी माणसं पडवीवरून जायची आणि मी तुमच्या शेजारी स्टुलावर, घड्याळाची चाकं धुवायच्या पेट्रोलच्या वाटीपासून हात दूर ठेवून, जुन्या डायलवरचे आकडे वाचायची. रोमन आकडे मी देवनागरीच्या आधी शिकले. त्यामुळेच तर चौथीत बाईंनी माझं उत्तर चूक दिलं. घड्याळावर चार म्हणजे चार उभ्या रेघा असतात, मी तशाच काढल्या, आणि पुस्तकात IV आहे म्हणून बाईंनी लाल फुली मारली. मी रडत आले तेव्हा तुम्ही भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलंत, रेघा माझ्याबरोबर मोजल्यात आणि म्हणालात, "बाईंचं पुस्तकही बरोबर आणि आपलं घड्याळही बरोबर. शाळेत पुस्तकासारखं लिही." मला ते अजिबात पटलं नव्हतं. दोन्ही बरोबर कसं असेल? एकच बरोबर असायला हवं, असं मला तेव्हाही वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही बहुतेक वेळा वाटतं.

त्या दिवसांत सगळ्यांना परदेशी घड्याळ हवं होतं. गावातली मुलं आखातात जात होती आणि सुट्टीवर आली की देवळात फादरांच्या मिस्सा-प्रार्थनेला शर्टाच्या बाह्या दुमडून बसायची. ज्यांचं कोणी तिकडे नव्हतं ते 'बोटीवरचं', म्हणजे चोरून उतरवलेलं, म्हणून विकत घ्यायचे. पाचूबंदरची ती कोळीण मावशी आठवते? नवऱ्याचं घड्याळ पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. "बघा तरी भाऊ, घड्यालात पानी गेलं. देनारा बोलला होता, समिंदरात उडी मारली तरी कायपन होनार नाय." तुम्ही भिंग डोळ्याला लावून म्हणालात, "उडी देणाऱ्यानं मारली होती, की तुमच्या नवऱ्यानं?" ती इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून नारळ खवायचा सोडून बाहेर आली. आणि तो सफारी सूटवाला माणूस, ज्यानं सिगारेटच्या डब्यातून परदेशी नावांचे डायल काढून टेबलावर मांडले होते. त्याचं म्हणणं, तुम्ही फक्त देशी घड्याळांचे डायल बदलून द्यायचे, बाकी सगळं तो बघणार. "दादा, सोन्यासारखे हात आहेत तुमचे, असे किती दिवस कोळ्यांच्या घड्याळांतलं पाणी काढत बसणार?" तुम्ही एक डायल उचललात, उजेडाकडे धरलात आणि म्हणालात, "एवढं मोठं नाव एवढ्याशा घड्याळाला पेलायचं नाही हो." त्याला चहा पाजलात आणि डबा स्वतः बंद करून त्याच्या हातात दिलात. त्या दिवशी मी शाळेत पाचसहा मुलींना ही गोष्ट सांगितली. माझे पप्पा, असं म्हणून सांगितली.

म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं. ताईच्या लग्नाच्या आठवड्यात काका आणि मुलाकडचे मामा एकत्र आले. घड्याळ काकांनी कोणाकोणाला सांगून मिळवलं होतं आणि रुमालात गुंडाळून आणलं होतं. चेनच्या दोन कड्या काढायच्या होत्या. मामा म्हणाले, "कड्या काढताच आहात तर मागचं झाकणही उघडा की. मशीन बघू या, डोळे तरी निवतील." काकांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते कौतुकानं वाट बघत होते. तुम्ही घड्याळ नुसतं कानाला लावलंत. मग म्हणालात, "घड्याळाचं पोट चार माणसांत उघडत नाही मामा, धूळ जाते. उद्या संध्याकाळी न्या."

ते गेल्यावर तुम्ही झाकण काढता आणि भिंग मला देता. मी चौदा वर्षांची आहे. मला नावाच्या अक्षरांच्या फुटलेल्या कडा दिसतात, यंत्रावर कुठलंच नाव नाही हे दिसतं, आणि चाकं ज्यांच्यावर फिरतात ते लाल खडे भोकांत बसवलेले नाहीत, नुसते वरून चिकटवलेत, हेही दिसतं. "नक्कल," मी म्हणते. तुम्ही मान डोलावता. "काकांना सांगायचं ना?" तुम्ही चिमटा पुसून ठेवता. "रविवारी लग्न. आज सांगितलं तर देवळात माणसं पोरीकडे बघणार नाहीत, नवऱ्याच्या मनगटाकडे बघतील." मग तुम्ही कामाला लागलात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते यंत्र तुम्ही पूर्ण सोडवलंत, धुतलंत, स्प्रिंग बदललीत, आपल्या डबीतलं एक चाक घासून त्यात बसवलंत. खऱ्या घड्याळावर मी तुम्हाला इतका वेळ घालवताना पाहिलं नव्हतं.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून तुम्ही सुईनं खूण करायचात, एक बारीक क्रूस आणि त्याखाली महिना नि साल. पुढे जो कोणी उघडेल त्याला कळावं, आपल्या आधी इथे कोण बसलं होतं. नकली घड्याळावर मात्र ती खूण कधी नसायची. देवळाची बाराची घंटा झाली, तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात आणि जेवायला आत जाताना मला म्हणालात, "पुसून बंद कर." झाकण आतून कोरं होतं. मला ते कोरं बघवेना. मी तुमची सुई घेतली आणि झाकणात 'नक्कल' असं कोरलं. तीन अक्षरं, जमतील तेवढी बारीक. मग झाकण दाबून बसवलं आणि हात धुऊन जेवायला आले.

संध्याकाळी मामांनी घड्याळ हातात घालून पाहिलं. "मग दादा, अस्सल ना?" आपल्या पडवीत तेव्हा काका होते, ताईचा भाऊ होता, आई दारात होती. तुम्ही म्हणालात, "वेळ बरोबर दाखवील. बंद पडलं तर माझ्याकडे आणा. मी असेपर्यंत हमी माझी." "म्हणजे अस्सलच!" मामा हसले आणि काकांच्या पाठीवर थाप मारली. तुम्ही काकांकडे बघून हसलात आणि टेबलावरचं फडकं झटकलंत.

रात्रीच्या रोजरीच्या प्रार्थनेनंतर मी म्हटलं, तुम्ही खोटं बोललात. एवढं मोठं मी तुम्हाला कधीच म्हटलं नव्हतं. आई भांडी ठेवता ठेवता थांबली. तुमचा आवाज चढला नाही, पण तुम्ही मला नेहमीसारखं 'बाय' म्हणाला नाहीत, नावानं हाक मारलीत. "मी बोललो त्यातलं खोटं काय ते सांग." मी तुमचं प्रत्येक वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं; खोटं एकही नव्हतं. "लोक आपल्याकडे घड्याळ दुरुस्तीला देतात. न्याय करायला त्यांना देव आहे. कोणाच्या झाकणाआड काय दिसलं, ते तिथेच ठेवायला शीक." मी तेव्हाच सांगायला हवं होतं की ते मी तिथेच, आतल्या आत, लिहून ठेवलं आहे. नाही सांगितलं. मग रोज रात्री वाटायचं, दुसरा कोणी कारागीर ते उघडेल, वाचेल आणि म्हणेल, दुरुस्त करणाऱ्यांना माहीत होतं तर. पापनिवेदनात सांगितलं तर फादर म्हणाले, यातलं पाप कोणतं ते मला नीट कळलं नाही, पण एक नमो मरिया म्हण. मी दहा म्हटल्या.

दोन वर्षांनी मी दहावी झाले, तेव्हा तुम्ही मला ती सुई दिलीत, लाकडी मुठीची. आईला वाटलं होतं तुम्ही मला घड्याळ द्याल. "आता खूण करायची ती उघड कर," एवढंच म्हणालात. मला वाटलं तुम्ही मला धंद्यात घेताय, आणि मी इतकी खूश झाले की उघड या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून टेबल मी चालवते. सुरुवातीला लोक विचारायचे, पप्पांच्या जागी कोण बसतं? आता कळंबहून माणसं येतात आणि "बाईंनाच दाखवायचंय" म्हणतात. सेलची घड्याळं आली, अर्धं काम गेलं, तरी तुमची जागा रिकामी राहिलेली नाही. हे मला तुम्हाला कधीचं सांगायचं होतं.

मंगळवारी सकाळी मी दार ओढून घेतलं आणि ते झाकण उघडलं. माझा शब्द तसाच होता, वेडावाकडा, 'क्क' जास्त खोल गेलेला. आणि त्याच्याखाली तुमचा क्रूस. त्याखाली महिना नि साल, माझ्या दहावीच्या परीक्षेचा महिना, जेव्हा मी अभ्यासाला आईच्या बहिणीकडे राहत होते. म्हणजे घड्याळ तेव्हा तुमच्याकडे येऊन गेलं होतं. तुम्ही माझा शब्द वाचला होता. खोडला नव्हता. नकली घड्याळावर तुम्ही कधी खूण केली नाहीत, पण माझ्या शब्दाखाली केलीत. मी भिंग काढलं, डोळे पुसले आणि परत लावलं, कारण मला ते आणखी एकदा बघायचं होतं.

गुरुवारी ताई आली. मी घड्याळ तिच्यासमोर ठेवलं आणि तिनं नेमकं तेच विचारलं. "खरं सांग हं, हे अस्सल आहे?" पडवीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "नाही ताई. नाव खोटं आहे. यंत्र साधं आहे, पण पप्पांनी सगळं पुन्हा जुळवलंय, त्यामुळे वेळ बरोबर दाखवतं. तुझ्या वडिलांना कोणीतरी फसवलं होतं, त्यांना ठाऊक नव्हतं." मला वाटलं ती रडेल. ती डोक्याला हात लावून हसायला लागली. "अगं बाय! इतकी वर्षं आमचे हे बँकेत सही करताना बाही वर करतात!" मग घड्याळ उचलून तिनं विचारलं, "माझ्या बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?" नाही, मी म्हटलं. "बरं झालं. तुझे पप्पा बोलले असते तर ते देवळात मान वर करून चालले नसते." जाताना दारातून वळून म्हणाली, "ह्यांना सांगू नको हां. हात खाली येईल त्यांचा."

घड्याळ चालू आहे, दिवसाला मिनिटभरही मागेपुढे होत नाही. ताईला देण्याआधी तुमच्या क्रूसाखाली मी माझी खूण केली, तुम्ही दिलेल्या सुईनं. हे पत्र तुमच्या भिंगाच्या डबीत घडी करून ठेवीन. फक्त एक गोष्ट राहिली. मंगळवारी दार ओढून घेतलं तेव्हा झाकण घासायची पावडर मी आधीच ओली करून ठेवली होती. शब्द पुसूनच टाकणार होते. तो ठेवला त्यात माझा काही खरेपणा नाही, पप्पा. घासला असता तर तुमची खूणही गेली असती.