बारा फूट

२ ऑगस्ट १९५३, रविवार
बजबजला लेल्यांकडे जाऊन आलो. तेलाच्या डेपोतली नोकरी, त्यामुळे क्वार्टर ऐसपैस, मागे मोठं तळं. गप्पा रंगल्या आणि मंजू कुठे दिसेना. तळ्याकाठी उकिडवी बसलेली सापडली, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणे एक मोठं ठिपक्यांचं मांजर पाण्यात उतरलं, मासा धरला आणि लव्हाळ्यात शिरलं. सौ. म्हणाली, मांजर पाण्यात उतरत नाही. लेल्यांनी चार वर्षांत असलं काही पाहिलेलं नाही. त्यांचा माळी मात्र म्हणाला, बाघरोल असेल, रानमांजराची जात, माशांवरच जगतं. माळ्याचं कोण ऐकतो.

मंजूला बारावं चालू आहे. परतीच्या गाडीत खिडकीच्या काचेवर बोटाने ठिपके काढत बसली.

५ ऑगस्ट
कॅमेरा हवा आहे. वाढदिवसाला नव्हे, आत्ता. मी म्हटलं, कशासाठी ते लिहून दे. ऑफिसात असंच करतो, निम्म्या मागण्या तिथेच मरतात.

ही मेली नाही. संध्याकाळी पानभर मजकूर हातात. मराठी यथातथाच, अर्ध्या ओळी बंगालीच्या वळणाच्या. माणसांचे फोटो काढणार नाही, फक्त जनावरं आणि पक्षी. शेवटची ओळ: ‘फोटो असला की तुम्हाला विश्वास ठेवावा लागेल.’ पान खिशात ठेवलं.

१६ ऑगस्ट, रवि.
खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंचा सल्ला घेतला. तीस वर्षं फोटो काढताहेत, त्यामुळे मत विचारण्याआधीच मिळतं. मुलीला डबा कॅमेरा द्या. वळवायचं नाही, फिरवायचं नाही, खटका दाबला की झालं. माझंही तेच मत पडलं. स्वस्त, आणि हातातून पडला तर फार हळहळ नाही.

२२ ऑगस्ट, शनि.
ऑफिस अर्धा दिवस. मंजूला घेऊन धर्मतल्ल्याच्या बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानी गेलो. दुकानदाराने डबा पुढे केला. मी पैसे काढणार तेवढ्यात हिने त्याला बंगालीत विचारलं, सूर्य उगवता उगवता यात फोटो येईल का? तो हसला. याला भर ऊन लागतं, खुकी. इकडे पोरींना असंच म्हणतात.
“बाघरोल उन्हात येत नाही,” मंजू मला म्हणाली.
परत आलो. ड्रॉइंग ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

५ सप्टेंबर, शनि.
रसेल स्ट्रीटवर लिलाव. विलायतेला परत निघालेल्या कोणा साहेबाचं सामान: पियानो, गॉल्फच्या काठ्या, आणि एक घडीचा कॅमेरा. झाकण उघडलं की कातडी भाता पुढे येतो. भिंग मोठं, कमी उजेडात चालणारं. मी बोली लावली. मंजूने नुसतं माझ्याकडे पाहिलं. कॅमेरा तिच्यासाठी घेतला की माझ्यासाठी, हे आज ठरवत नाही.

किंमत इथे लिहीत नाही. सौ. ही वही वाचते असा मला संशय आहे.

९ सप्टेंबर
अडचण. या कॅमेऱ्यात वस्तू किती फुटांवर आहे ते आपणच ओळखायचं आणि भिंगाभोवतीची कडी त्या आकड्यावर फिरवायची. अंदाज चुकला की फोटो पुसट. घोषबाबू म्हणाले, हे पोरीचं काम नव्हे, मी आधीच सांगितलं होतं.

मंजूने माझी मोजपट्टी मागून घेतली.

२० सप्टेंबर, रवि.
घरात कोणी स्वस्थ बसू शकत नाही. ताटापासून पाण्याचा तांब्या किती, गॅलरीतला कावळा किती. ती आकडा सांगते, मी पट्टी लावतो. पहिल्या दिवशी दोन-दोन फुटांनी चुकायची. आता कावळा उडाला तरी जागा लक्षात ठेवून अर्ध्या फुटात. मी स्वतः खेळून पाहिलं. हरलो. सौ.ला फोडणीच्या ठसक्यापेक्षा आमच्याच आरडाओरड्याचा त्रास जास्त होतो म्हणे.

मला मजा वाटली. बऱ्याच दिवसांनी.

१ ऑक्टोबर
लेल्यांचं पत्र. दिवाळीनंतर तळं बुजवणार, तेलाची नवी टाकी यायची आहे. दुर्गापूजेच्या सुटीनंतरच्या शनिवारी मुक्कामाला या म्हणाले. मंजूला वाचून दाखवलं. तिने कॅलेंडरवर काही खुणा केल्या आणि मला दाखवल्या नाहीत.

खंडेनवमी
रस्त्यावर पूजेचे ढाक, इकडचे मोठे ढोल, वाजताहेत, आम्ही घरात आपली शस्त्रं मांडून बसलो. माझी ड्रॉइंगची पेटी, सौ.चं शिवणयंत्र, विळी, आणि यंदा कॅमेरा. मंजू म्हणाली, त्याला फूल वाहा, हात लावू नका. मी म्हटलं, मिटलेल्या यंत्राची कसली पूजा. ती फुलं आणायला गेली तेव्हा उघडला. निरांजनाच्या वाती नुकत्याच तुपात भिजवल्या होत्या. गंध लावायला गेलो, बोट सरकलं, थेट काचेवर. सोवळ्याच्या टोकाने पुसलं. स्वच्छ दिसलं. मिटून ठेवला.
सांगण्यासारखं काही नव्हतं.

२५ ऑक्टो., रवि. बजबज
मंजू साडेपाचलाच तळ्याकाठी गेली. मी लांब वडाखाली. सूर्य उगवता उगवता लव्हाळं हललं आणि ते खरोखरच बाहेर आलं. आखूड पाय, राखाडी, अंगभर ठिपके. मी पाहिलं. हे स्वच्छ लिहून ठेवतो, मी पाहिलं. पाण्यात पंजा घातला, थांबलं, पुन्हा घातला. मंजूने कडी फिरवली, श्वास धरला, खटका दाबला. मग ते गेलं.

ती उठली आणि जिथे ते बसलं होतं तिथपर्यंत पट्टी धरली. बारा फूट. तिने बाराच लावलं होतं. धावत येऊन मला पट्टीवरचा आकडा दाखवला.

लेले झोपेतून उठायचे होते. उठल्यावर त्यांना सांगितलं, मीही पाहिलं. “तुम्ही बाप, तुम्हाला दिसणारच,” म्हणाले.

३१ ऑक्टो., शनि.
रोल धुऊन आला. आठच्या आठ फोटो पुसट. सगळ्यांवर दुधाळ धुकं. बाघरोल म्हणजे राखाडी डाग. त्याला बाघरोल म्हणायचं तर आधीच माहीत असायला हवं. घोषबाबूंनी चष्मा वर केला. अंतर चुकलंय, म्हणाले, वर हातही हललाय. लहान आहे, होतं असं.
मंजू म्हणाली, बारा फूट होतं. मग म्हणाली, बहुतेक नसेल.

१ नोव्हेंबर, रवि.
फोटो पुन्हा काढून पाहिले. पहिला लेल्यांच्या फाटकाचा, पट्टी लावून दहा फुटांवरून घेतलेला. तोही तसाच. त्यात अंतर चुकायचा प्रश्नच नाही. कॅमेरा खिडकीशी नेऊन भिंग तिरपं धरलं. काचेवर तुपकट कडं, मध्ये बोटाच्या रेषा. बोट माझं आहे.

मऊ मलमलीने पुसलं. आता काही दिसत नाही. म्हणजे आता हे मलाच ठाऊक.

२ नोव्हेंबर
मंजूने कॅमेरा माझ्या टेबलावर आणून ठेवला. “तुम्ही ठेवा बाबा. मला अंतर कळत नाही.”
मी ‘बरं’ म्हटलं. काय म्हणून म्हटलं?

दिवसभर ऑफिसात एक रेघ सरळ आली नाही. बापाने पूजा केली हा गुन्हा नव्हे. त्यानंतर गप्प राहिलो, तो आहे. मला लाज वाटते.

३ नोव्हेंबर
सकाळी सौ.ने चहाचा कप ठेवला आणि सरळ विचारलं, “मंजूला तुम्ही सांगता की मी सांगू?”
वही वाचते. संशय फिटला.

ऑफिसला निघण्याआधी सांगितलं. उभ्याउभ्याच. तूप, बोट, सोवळं, गप्प बसलो ते, सगळं. ती रडली नाही, रागावलीही नाही. आत जाऊन तो फोटो घेऊन आली.
“म्हणजे बाराच होतं?”
“बाराच होतं.”
फोटोच्या मागे पेन्सिलने १२ लिहिलं. मग टेबलावरचा कॅमेरा उचलून आपल्या खोलीत नेला. दार लावून घेतलं. हे दार आजवर कधी लावलेलं पाहिलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, रवि. बजबज
दिवाळी झाली. तळ्याच्या पूर्वेच्या अंगाला मातीचे ढीग येऊन पडलेत, उद्यापासून गाड्या वाढतील. लव्हाळं अर्धं उरलंय. लेले म्हणाले, आता इथे काय येणार. मंजूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कॅमेरा तिने स्वतःच्या रुमालात बांधून आणला होता. आगगाडीत मी धरतो म्हटलं, तर नको म्हणाली.

काठाशी पोहोचलो तेव्हा अंधुक होतं. मी तिच्यामागोमाग निघालो. तिने हात आडवा केला.
“तुम्ही इथेच थांबा.”
किती लांब, मी विचारलं. तिने मागे वळून पाहिलं, मापून.
“चाळीस फूट.”
थांबलो. पट्टी खिशात होती, काढली नाही. हे लिहितोय तोवर उजाडलंय, लव्हाळं अजून हललेलं नाही, आणि ती कडीवर बोट ठेवून बसली आहे.